दोन घरांची मोडलेली पंचमी

शोभनाच्या हातांवर मेंदी एकदाच चढली, लग्नात. नागपंचमीला कधीच नाही. श्रीधर यंत्रांच्या कारखान्यात लागला म्हणून ती त्याच्यामागून म्युनिकला आली. तिनं एका बालवाडीच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली आणि पोरांना बटाट्याचं सूप वाढता वाढता त्यांची भाषाही उचलली. पुढं श्रीधर गेला, तरी ती परत गेली नाही. घरात देव होते, सकाळची पूजा होती, आणि पंचमीला ती पाटावर चंदनाचा नागोबा काढून लाह्या-दूधही वाहायची. पुरणाची दिंड करून लोकांना वाढायची. स्वतः मात्र त्या दिवशी गोडाला शिवायची नाही. कोणी विचारलं तर एवढंच म्हणायची, "आमच्या माहेरी धरत नाहीत."

सणाच्या दिवशी घरातलं माणूस गेलं किंवा घरावर घाला पडला की तो सण मोडतो, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. पुढं त्याच दिवशी घरात मूल जन्मलं तर सण सुटतो. शोभनाच्या माहेरी ते कधी झालं नाही. आणि माहेरचा मोडलेला सण सासरी आणायचा नसतो. सासूबाई म्हणायच्याच, "अगं, तिकडचं तिकडं ठेव की." पण शोभनानं तो पदराला बांधून आणला होता, आणि त्यामागं नुसतं दुःख नव्हतं. राग होता. आजीकडून बापाकडं आणि बापाकडून तिच्याकडं तो जसाच्या तसा आला होता.

दोन हजार अठरा साली पंचमी नेमकी पंधरा ऑगस्टला आली. त्या दिवशी मेरीमातेच्या सणाची म्युनिकला सुट्टी असते. इथल्या मराठी मंडळाची कौमुदी, गाड्यांच्या कंपनीतली इंजिनियर, नाचायचीच बाकी होती. "फायरटाग आहे, काकू! कुणाला रजा मागायला नको. सकाळी झेंडा, दुपारी फेर आणि दिंड!"

आदल्या रविवारी तयारीला कौमुदीच्या घरी बायका जमल्या. सगळ्यांचे तळहात हिरवे झाले आणि कौमुदी ओरडली, "हे काय, दोन-दोन काकू आणि दोघींचेही हात कोरे?"

दुसऱ्या होत्या प्रमोदिनीबाई. मंडळाचा सेक्रेटरी शिरीष, त्याची आई. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पुण्याहून लेकाकडं तीन महिने राहायला आलेल्या. पाठ सरळ आणि बोलणं मोजकं.

"आमच्या माहेरी पंचमी धरत नाहीत, बाई," त्या म्हणाल्या.

शोभनाला आनंदच झाला. परक्या मुलुखात आपल्यासारखं कोणी भेटलं की होतो तसा. "अगंबाई, आमच्याही! कुठलं हो तुमचं माहेर?"

"साताऱ्याकडचं."

"साताऱ्यात कुठं?"

"खेडं होतं एक. आता कोण उरलंय तिथं."

शिरीष बाजूला खुर्च्या रचत होता. तो हात झाडत पुढं आला. "आई, सांग की! काकू, माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, स्वातंत्र्यसैनिक होते. धोंडेगावचे. इंग्रजांनी ऐन पंचमीच्या दिवशी त्यांचे तळपाय फोडले. पुढं जन्मभर ते गुडघ्यांवर चालले. बुधवारी भाषणात मी तेच सांगणार आहे, फोटोही दाखवणार."

बायका हळहळल्या. कौमुदीनं हिरवे हात तसेच जोडले. शोभना म्हणाली, "हो का." आणि पाणी प्यायला म्हणून उठून आत गेली. नळ सोडून उभी राहिली, पण पाणी काही प्यायली नाही.

धोंडेगाव तिचंही माहेर. आणि इंग्रजांचे शिपाई मारायचे ते हाताला लागेल तिथं मारायचे. तळव्यांची शिक्षा त्या मुलुखात फक्त एकच सरकार देत होतं, आणि ते इंग्रजांचं नव्हतं, भूमिगतांचं होतं. आणि धोंडेगावात ती एकाच माणसाला झाली होती. खबऱ्याला.

विष्णू हा शोभनाचा आजोबा. तिनं त्याला पाहिला नाही, तिच्या बापालाही तो धूसरच आठवायचा. विष्णूला कोणी धरून दिलं, हे मात्र घरातल्या तान्ह्या पोरालाही पाठ होतं. शेजारचा दुकानदार राजाभाऊ. आजीनं सुनेला आणि नातींना बजावलं होतं, "त्याच्या घरचं पाणी पिऊ नका. त्याचं बेणं कुठं सापडलं तर सोडू नका." पण राजाभाऊ बिऱ्हाडासकट गाव सोडून गेला तो गेलाच. आणि आता तो म्युनिकमध्ये सापडला होता, स्वातंत्र्यसैनिक होऊन, पडद्यावर चढायच्या तयारीत.

या सगळ्यात एक माणूस अजून जिवंत होतं. विष्णूची बहीण, शोभनाची आत्याआजी. कराडला नातवाकडं असायची, नव्वदी ओलांडलेली. ज्या पंचमीला विष्णू धरला गेला, ती तिची लग्नानंतरची पहिली पंचमी होती. माहेरी आल्या आल्या तिनं हट्ट धरला होता, "दादानं झोका बांधल्याशिवाय मी झोक्यावर बसणार न्हाई." भूमिगत भावाला कोणीतरी तो निरोप पोचवला आणि तो आला. तेव्हापासून म्हातारी म्हणत आली, मी मारला माझा भाऊ. सगळ्यांनी समजूत घातली, पण तिला समजूत नको होती. तिला राजाभाऊ हवा होता.

सोमवारी शिरीष ऑफिसला गेल्यावर शोभना त्याच्या घरी गेली. रिकाम्या हातानं गेली. कुणाच्या घरी अशी ती उभ्या जन्मात गेली नव्हती.

प्रमोदिनीबाईंनी दार उघडलं, तिच्याकडं पाहिलं आणि पाण्याचा पेला आणून टेबलावर ठेवला. शोभनानं त्याला हात लावला नाही.

"बरोबर," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "विष्णूची नात शोभतेस. नाकच सांगतंय. काल बघताक्षणी माझ्या लक्षात आलं होतं."

"मग मला काही सांगायला नको. बुधवारी ते भाषण होणार नाही. आणि खरं काय ते तुम्ही उठून सांगायचं. झेंड्यासमोर."

"का म्हणून?"

"का म्हणून? तुमच्या बापानं माझा आजोबा मारला म्हणून!"

"तुझ्या आजोबाच्या माणसांनी माझ्या बापाला बैलासारखा उताणा पाडला, पाय दांडक्याला बांधले आणि तळव्यांवर सोटे घातले. पत्री ठोकली म्हणायचे हसत हसत. मी पाच वर्षांची होते. कंदील कोणाच्या हातात दिला होता माहितीये? माझ्या. पोरी, नीट धर, म्हणाले." त्यांचं पुणेरी बोलणं इथं गळून पडलं. "पुन्यात येऊन माझी आय धुणीभांडी करत मेली. त्यो दारात यायचा रांगत. पोरं दगड मारायची."

"केलं त्याचं भोगलं."

"भोगलं ना? मग मी पण माझा हिशोब केला. ज्या स्वातंत्र्यानं माझ्या बापाचे पाय घेतले, त्याच स्वातंत्र्याचा त्याला सैनिक केला मी. शिरीषला हे पाळण्यात असल्यापासून शिकवलं. दर पंधरा ऑगस्टला तो शाळेत उभा राहून सांगायचा, मास्तर टाळ्या वाजवायचे, आणि मी मागं बसून ऐकायची. तुझ्या आजीकडं होता असा सूड? तिच्याकडं नुसता न मांडलेला नागोबा."

शोभनाच्या अंगाची आग झाली. इतका पक्का सूड आपल्या घरात कुणालाच जमला नाही, हे तिला तिथल्या तिथं कळलं आणि तेच जास्त झोंबलं.

"मग मीच सांगते बुधवारी," ती म्हणाली.

"सांग की. पत्री म्हणजे काय हे त्या पोरांना ठाऊक तरी आहे का? मोबाइलात बघत बसतील. म्हणतील, काकूंच्या गावचं भांडण. आणि माझा शिरीष गोड बोलतो. शेवटी टाळ्या त्यालाच."

हे मात्र खरं होतं. परत येताना एस-बान लोकलमध्ये शोभना तेच घोळत बसली. आपण उठून 'खबऱ्याचा नातू!' असं ओरडलो तर लोक आपल्यालाच गप्प करतील. आधी त्यांना कळायला हवं. कळलं की पुढचं बोलायचं कामच पडायचं नाही.

घरी येऊन तिनं देवापुढं दिवा लावला आणि सरळ विचारलं. सणाच्या दिवशी असं करू का? शिरीषचा काय दोष? देव नाही म्हणाला नाही, एवढं तिनं धरलं. आणि शिरीषचं म्हणाल, तर आत्याआजीचा तरी काय दोष होता?

कौमुदीला फोन केला. "अगं, पंचमीची कहाणी कोणी सांगायची ठरली का? मी सांगते. आमच्याकडची."

"हो, हो, काकू, नक्की! झेंड्याच्या आधी सांगा, सगळे असतात तेव्हा."

बुधवारी सभागृह भरलं होतं. बायका जरीच्या साड्यांत आणि पुरुष पांढऱ्या झब्ब्यांत. मुलं मागच्या रांगांत जर्मनमध्ये कुजबुजत होती. पाटावर नागोबा, आघाडा, लाह्या. प्रमोदिनीबाई पहिल्या रांगेत. शिरीषची लगबग चालली होती. तेवढ्यात इमारतीची देखभाल बघणारा हाउसमाइस्टर आला आणि अंगणात खांब रोवायला परवानगी नाही म्हणून अडून बसला. शिरीष त्याला समजवायला बाहेर गेला. शोभनानं त्याला दाराबाहेर जाताना पाहिलं आणि लगेच उठली.

"कौमुदी, आता सांगते."

हातात अक्षता घेऊन ती बसली.

"हे नगर आटपाट नव्हतं, पोरांनो. धोंड्यांचं होतं. जमीन खडकाळ, नदी जवळ पण उताराला. राजा सातासमुद्रापलीकडं. लोकांनी त्याला कधी पाहिला नव्हता, पण त्याचा सारा दरसाल यायचा, आणि पाऊस नसला तरी यायचा. मग राजाचं दुसऱ्या कुणाशी युद्ध लागलं. तुम्ही राहता त्याच देशाशी. धान्याची कणगी त्या युद्धासाठी रिकामी व्हायला लागली. लोक आधी कुरकुरले. मग अर्ज केले. मग एका श्रावणात हातात झेंडे घेऊन कचेरीवर चालत गेले. हातात दगडसुद्धा नव्हता. तरी गोळ्या घातल्या."

मागची कुजबूज थांबली होती. एक बाई हळूच पोराला जर्मनमध्ये सांगत होती.

"तिथून पुढं अर्ज थांबले. माणसं डोंगरात गेली. त्यांनी तार तोडली, गाड्या अडवल्या, पण सगळ्यात मोठं काय केलं तर आपलं सरकार आपणच मांडलं. राजाचं सरकार कचेरीत आणि लोकांचं सरकार उसाच्या फडात. तिथं न्याय व्हायचा. तिथं लग्नं लागायची, हारावर आणि गुळाच्या खड्यावर. त्या फडातल्या न्यायाला बसणारा एक विष्णू होता. गावातल्या दुकानदारानं एका विधवेचं रान गिळलं होतं. विष्णूच्या पंचांनी ते तिला परत द्यायला लावलं. दुकानदारानं दिलं, आणि मनात ठेवलं.

"मग पंचमी आली. विष्णूची बहीण पहिल्या पंचमीला माहेरी आली आणि म्हणाली, दादानं झोका बांधायचा. दादा पहाटेच्या अंधारात आला, लिंबावर चढला, उंच फांदीला दोर टाकून गाठ मारली आणि माळ्यावर जाऊन लपला. उजाडलं. बहिणीला आनंद झाला. आणि शेजारच्या दुकानदारानं दारातून तो झोका पाहिला. या घरात आहेत बायका आणि एक चार वर्षांचं पोर. मग इतक्या उंचावर गाठ मारली कोणी?"

कुणीतरी "अरे देवा" म्हणालं.

"बायका फेराला निघायच्या आत पोलीस आले. विष्णूला नेला. गौरी यायच्या आत कोठडीतून त्याचं प्रेतच बाहेर आलं. दुकानदाराला सरकारी रेशनचं दुकान मिळालं. आता लोकांच्या सरकारात खबऱ्याला एकच शिक्षा होती. बैलाला पत्री ठोकतात तसं त्याला पाडायचं आणि तळवे फोडायचे, म्हणजे पुन्हा चालत चावडीवर जायला नको. पुढच्या पंचमीला दिवेलागणीला दुकानदाराच्या दारात माणसं आली. त्यानंतर तो गुडघ्यांवर चालला. मग राजा गेला, देश आपला झाला, दिल्लीला झेंडा चढला आणि धोंडेगावच्या चावडीवरही चढला. ज्यांनी तो आणला त्यातले कितीतरी तो बघायला नव्हते. दोन घरांत पंचमी मोडली. एका घरानं ती का मोडली ते सांगितलं. दुसऱ्यानं सांगितलं नाही."

तिनं अक्षता नागोबाला वाहिल्या आणि उठली. प्रमोदिनीबाईंकडं पाहिलं. त्यांनीही पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त पदराचं टोक बोटांत पिळलं जात होतं.

दार उघडून शिरीष हसत आत आला. "पटवला बुवा त्याला! खांब नाही, पण गॅलरीतून लावू म्हणतो. चला, आधी माझी दोन मिनिटं."

प्रमोदिनीबाई अर्ध्या उठल्या. "शिरीष, आधी झेंडा करू या."

"आई, दोनच मिनिटं!"

पडद्यावर फोटो आला. लाकडी खुर्चीत एक म्हातारा, पायांना धडोती गुंडाळलेली. शिरीषचा आवाज खरंच गोड होता.

"मित्रांनो, हे माझे आजोबा, राजाभाऊ. गाव धोंडेगाव, जिल्हा सातारा. व्यवसायानं साधे दुकानदार. आणि अशाच एका पंचमीच्या संध्याकाळी त्यांचे तळपाय..."

तिथं तो थांबला. म्हणजे त्यानं तिथं नेहमीच थांबायचं ठरवलं असणार, लोकांनी हळहळावं म्हणून. पण सभागृहात कुणी हळहळलं नाही. मागच्या रांगेतून एका मुलीनं आईला स्पष्ट विचारलं, "मामा, इस्ट दास डेअर?" हाच का तो? तिची आई तिला गप्प करत होती, पण हो म्हणूनच गप्प करत होती.

"काय झालं?" शिरीष म्हणाला. "कौमुदी?"

कौमुदीनं मान खाली घातली. मंडळात सगळ्यांत वडील कुमार होते. तेच शेवटी म्हणाले, "शिरीष, खाली ये रे बाळा. आईला विचार."

त्यानं आईकडं पाहिलं. लहान पोरानं पाहावं तसं. शोभना भिंतीला टेकून ते डोळे भरून बघत होती. तिला खोटं बोलायचं नव्हतं, स्वतःशीसुद्धा. तिला बरं वाटत होतं. तापलेल्या तव्यावर पाणी पडावं तसं आत चर्र झालं होतं आणि ते बरं वाटत होतं.

प्रमोदिनीबाई उभ्या राहिल्या. "तोच," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "खबर त्यानंच दिली. आणि तो माझा बाप होता. काय करायचंय ते करा." त्यांनी लेकाचा दंड धरला आणि मधल्या वाटेनं त्याला बाहेर नेलं. मान खाली नाही, डोळ्यांत पाणी नाही. लोक पाय आखडून वाट देत होते. शिरीष मागं वळून फोटोकडं बघत होता, आणि फोटो तसाच पडद्यावर होता, जोवर कुमारांनी उठून वायर काढली नाही.

झेंडा कुमारांनीच लावला. राष्ट्रगीताला शोभनाचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

नंतर कोणी तिच्याजवळ आलं नाही. वाईट म्हणून नव्हे, काय बोलावं ते कळेना म्हणून. कौमुदीनं दिंडाचा डबा पुढं केला आणि तसाच मागं घेतला. शोभना चपला घालून रस्त्यावर आली. समोरच्या चर्चमधून बायका बाहेर पडत होत्या, हातात मंतरलेल्या औषधी फुलापानांच्या जुड्या. शोभनानं तिथंच उभी राहून कराडला फोन लावला. नातवानं म्हातारीच्या कानाला लावून दिला.

"आत्याआजी, सापडला."

"कोण? मोठ्यानं बोल की गं. कान गेल्यात माझं."

"राजाभाऊ! राजाभाऊचा नातू! इथं म्युनिकमध्ये!"

मग म्हातारीनं विचारलं, "मंग? सोडलास?"

"नाही सोडला! भरसभेत! झेंड्यापुढं! सगळ्यांना कळलं झोका कोणी बघितला ते!" फुलं घेतलेल्या बायका वळून बघायला लागल्या. शोभनानं पर्वा केली नाही.

"झोका त्यानं बघितला म्हणालीस? आसं म्हणालीस समद्यांना? म्या न्हवं?"

"तू नाही! त्यानं!"

म्हातारी हसली. कसलं हसू ते, कोरड्या विहिरीत दोर घसरावा तसं. "पुन्यांदा सांग. पयल्यापासनं."

शोभनानं पहिल्यापासून सांगितलं. फोटो सांगितला, गोड आवाज सांगितला, कुमार काय म्हणाले ते सांगितलं.

"आन त्याची लेक? ती हुती न्हवं बारकी, कंदील घिऊन? ती काय करती झाली?"

शोभनाला मधल्या वाटेनं गेलेली ती सरळ पाठ दिसली.

"रडली," ती म्हणाली. "पाया पडली सगळ्यांच्या. मान वर केली नाही."

"आस्सं," म्हातारी म्हणाली. "आता त्येवढंच सांग पुन्यांदा."